सरासरीचा मेंदू आणि समोरचा माणूस

देवळाली कॅम्पच्या आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त सुभेदार आहेत. उमेदीची वर्षे तोफखान्यात घालवून ते येथेच स्थायिक झाले. गेली कित्येक वर्षे रविवारच्या मिस्सामध्ये पहिले वाचन त्यांच्याकडे असे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ आणि पूर्णविरामापाशी थांबण्याची लष्करी शिस्त. दोन वर्षांपूर्वी त्यांना माणसांची नावे आठवेनाशी झाली. किराणा घेऊन निघाले की पिशवी दुकानातच राहू लागली. मुलाने पुण्याहून येऊन त्यांना नाशिकला नेले, मेंदूचा एमआरआय काढून घेतला आणि चार दिवसांनी त्यांच्या पत्नी तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. "फादर, ह्यांचा मेंदू आकसलाय म्हणे," एवढेच त्या बोलल्या. रिपोर्टात इंग्रजीत एक ओळ होती. वयोमानाशी संबंधित असे मेंदूचे आकुंचन, असा तिचा अर्थ.

त्या एका ओळीने त्या घरातील वारे बदलले. स्कूटरची किल्ली कपाटात गेली. बँकेचे कार्ड मुलाने स्वतःकडे घेतले. चहाचा कप पूर्वीसारखाच समोर येई, पण "तुम्हांला काय वाटतं?" हा प्रश्न येईनासा झाला. आणि या सर्वांत माझाही वाटा होता, हे येथे कबूल केले पाहिजे. वाचकांच्या यादीतून मी त्यांचे नाव काढून टाकले. त्यांना विचारले नाही, सांगितलेही नाही. भर उपासनेत त्यांची फजिती होऊ नये, अशी स्वतःची समजूत घातली. तीन रविवार ते दुसऱ्या बाकावर गप्प बसून राहिले. चौथ्या रविवारी मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "फादर, माझं वाचताना काही चुकलं का?"

त्यांचे काहीही चुकले नव्हते. मला उत्तर देता आले नाही.

नाशिकला अशा प्रतिमा तपासणारे एक परिचित डॉक्टर आहेत. त्यांना मी ती ओळ दाखवली. ते म्हणाले, "फादर, यातला महत्त्वाचा शब्द तुम्ही सोडूनच दिलात. 'आकुंचन' तेवढं वाचलंत आणि 'वयोमानाशी संबंधित' वाचलं नाहीत. या वयाच्या पुष्कळ माणसांत असंच दिसतं, एवढंच यात म्हटलंय. विसर किती आहे आणि कशामुळे आहे, हे त्यांच्याशी बोलून, त्यांना तपासून ठरेल. नुसत्या चित्रावरून नाही." म्हणजे सुभेदारसाहेब आपल्या वयाच्या इतरांसारखेच आहेत, असे सांगणाऱ्या वाक्याचा आम्ही सर्वांनी मिळून एक निकाल बनवला होता.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पाठलाग करीत आहे. अनेकांच्या अभ्यासातून जे कळते, ते एकट्या माणसाविषयी किती सांगू शकते? आणि तेवढ्या आधारावर त्याच्याशी कसे वागावे हे ठरवण्याचा आपल्याला काय अधिकार? प्रश्न विज्ञानाचा वाटतो. पण त्याचा शेवट विवेकबुद्धीच्या दारात होतो. म्हणून आधी विज्ञान काय म्हणते ते पाहू.

मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक वाहते आणि त्यामुळे तेथील चुंबकीय गुणधर्मांत सूक्ष्म बदल होतो. हा बदल टिपण्याची रीत १९९० च्या दशकाच्या आरंभी हाती आली. यंत्र मेंदूचे लहान लहान चौकोनी ठोकळे कल्पून प्रत्येकातील बदलाची नोंद घेते. अशा ठोकळ्यांची संख्या लाखाच्या घरात जाऊ शकते. परंतु प्रत्येकाचे डोके वेगळ्या घडणीचे. दहा जणांच्या मेंदूंची तुलना करायची तर ते सर्व एका समान साच्यात बसवावे लागतात; कोणाचा थोडा ताणून, कोणाचा थोडा दाबून. जगभर फार वापरला गेलेला एक साचा कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संस्थेने १५२ तरुण व्यक्तींच्या प्रतिमांवरून घडवला आहे. २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी शंभर भारतीयांच्या प्रतिमांवरून एक भारतीय साचा तयार केला. पाश्चात्त्य साच्याच्या मानाने तो आकाराने काहीसा लहान निघाला. वास्तविक मोजपट्टी आपल्या अंगाला बेतलेली असावी, एवढाच त्याचा उपयोग. परंतु 'भारतीय मेंदू लहान' असे शब्द कानी पडले की ऐकणाऱ्याचे मन लगेच बुद्धीच्या मोजमापाकडे धावते. साच्याविषयीचे विधान माणसांविषयीचे होऊन बसायला वेळ लागत नाही.

हा साचा म्हणजे कोणाचाही मेंदू नव्हे, हे ध्यानात ठेवावे. त्या १५२ जणांपैकी एकाच्याही कवटीत तो नव्हता.

साच्यात बसवल्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. नाशिक जिल्ह्यातील वाचकाला तो द्राक्षांच्या उदाहरणाने सांगता येईल. काढणीपूर्वी बागाईतदार मण्यांतील साखर मोजतो. समजा, एकाच बागेतील हजार मणी मी तपासले आणि 'नाशिकची द्राक्षे गोड असतात' असे जाहीर केले. हजार हा आकडा मोठा आहे, यात शंका नाही. पण माझ्या हाती बाग एकच आहे. त्या हजार मण्यांनी त्या बागेविषयी खात्री वाढवली. जिल्ह्याविषयी वाढवली नाही. जिल्ह्याविषयी बोलायचे तर अनेक बागांत गेले पाहिजे, प्रत्येक बागेचा एक आकडा काढला पाहिजे आणि ते आकडे आपापसांत किती वेगळे आहेत हे पाहिले पाहिजे. फरक दोन प्रकारचे असतात. एका बागेतील मण्यामण्यांतला आणि बागाबागांतला. पहिला मोजून दुसऱ्याविषयी बोलता येत नाही.

मेंदूच्या अभ्यासात नेमकी हीच गफलत होऊ शकते. एकाच माणसाच्या शेकडो प्रतिमा घेतल्या म्हणून तो शेकडो माणसे होत नाही. मोजक्या जणांच्या साऱ्या प्रतिमा एकत्र ओतून काढलेला निष्कर्ष त्या मोजक्या जणांपुरताच खरा असतो. लंडनमधील अँड्र्यू होम्स आणि कार्ल फ्रिस्टन यांनी १९९८ मध्ये यावर एक सोपी, दोन पायऱ्यांची रीत मांडली. पहिल्या पायरीवर प्रत्येक व्यक्तीच्या सर्व नोंदींचे सार एका आकड्यात आणायचे. दुसऱ्या पायरीवर व्यक्तीव्यक्तींच्या आकड्यांतील फरक मोजून समूहाविषयी बोलायचे. या गणिती शिस्तीत मला एक नैतिक शिस्तही दिसते. प्रत्येक माणूस एकच धरायचा, आणि दुसऱ्याहून तो किती वेगळा आहे हे मोजल्याशिवाय सर्वांच्या वतीने बोलायचे नाही.

तथापि, एवढी शिस्त पाळूनही चूक होऊ शकते. लाखभर ठोकळ्यांत शोध घेतला तर केवळ योगायोगाने काही ठोकळे 'उजळणारच'. विसात एक अशी चूक क्षम्य मानली, तर लाखात पाच हजार ठिकाणी काही नसताना काही दिसेल. २००९ मध्ये अमेरिकेतील क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवण्यासाठी एक मासलेवाईक प्रयोग सादर केला. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि चित्रातील व्यक्तीच्या मनात कोणती भावना असेल, असा प्रश्न त्याला विचारला! ८,०६४ ठोकळ्यांपैकी सोळांत 'प्रतिसाद' आढळला. अनेक तुलनांसाठी आवश्यक ती दुरुस्ती गणितात केल्यावर तो नाहीसा झाला. मासा अर्थातच आधीपासून मेलेलाच होता. २०१२ मध्ये या प्रयोगाला 'इग नोबेल' हे विनोदी पारितोषिक मिळाले. परंतु त्यातील धडा विनोदी नव्हता.

२०१६ मध्ये अँडर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी स्वस्थ पडून राहिलेल्या ४९९ निरोगी व्यक्तींच्या नोंदी घेतल्या आणि त्यांतून पुन्हा पुन्हा कसेही गट पाडून पाहिले. जेथे काही आढळायला नको, तेथे काही प्रचलित पद्धतींनी शंभरात पाचाऐवजी सत्तरपर्यंत खोटे निष्कर्ष दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तर चमूंना एकच सामग्री देऊन तेच नऊ प्रश्न विचारले होते. कोणत्याही दोन चमूंनी विश्लेषणाचा मार्ग तंतोतंत सारखा निवडला नाही, आणि काही प्रश्नांची उत्तरेही जुळली नाहीत. या उदाहरणांनी विज्ञानाची टिंगल करावी, असा माझा हेतू मुळीच नाही. उलट, स्वतःची चूक स्वतः शोधून ती चारचौघांत मांडणे हा एक प्रकारचा पश्चात्तापच आहे, आणि तो अन्य क्षेत्रांतही इतक्या सचोटीने झाला असता तर जग अधिक सुखी असते.

परंतु प्रयोगशाळेतील चूक दुसरा शोधनिबंध दुरुस्त करतो. तीच चूक न्यायालयात शिरली तर काय होते?

यासाठी दूर जायला नको. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात दोघा आरोपींना जन्मठेप सुनावली. इतर परिस्थितिजन्य पुराव्यांबरोबर न्यायालयाने मेंदूच्या एका चाचणीचाही आधार घेतला. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव 'बीइओएस'. ही चाचणी प्रतिमांची नव्हती; डोक्यावर विद्युतपट्ट्या लावून मेंदूतील विद्युतलहरी टिपण्याची होती. आरोपीने डोळे मिटून नुसते बसायचे. तिच्यासमोर 'मी' या शब्दाने सुरू होणारी, घटनेशी संबंधित विधाने वाचली जात आणि मधूनच आकाश निळे आहे अशा अर्थाची निरुपद्रवी विधानेही. ऐकलेली गोष्ट आणि स्वतः अनुभवलेली गोष्ट यांच्या वेळच्या लहरी वेगळ्या असतात आणि ते वेगळेपण संगणक ओळखतो, असा तंत्रज्ञांचा दावा होता. तिने एक शब्दही उच्चारला नाही. तिचा मेंदू मात्र तिच्याविरुद्ध बोलला, असे मानले गेले.

त्याच वर्षी समोर आलेल्या अहवालात, बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे मत देऊन न्यायालयात पुरावा म्हणून त्यांचा वापर थांबवावा, असे सुचवले होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही, असा दंडक घालून दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये, ही घटनेतील हमी मेंदूच्या लहरींनाही लागू आहे, असा त्याचा आशय.

आरोपी दोषी की निर्दोष, हे ठरवणे माझे काम नव्हे. माझा प्रश्न त्या पुराव्याच्या जातीविषयी आहे. समजा, अशी एखादी चाचणी उत्तम आहे. गुन्हा केलेल्या शंभरांपैकी ९५ जणांना ती ओळखते आणि न केलेल्या शंभरांपैकी केवळ पाच जणांवर चुकून बोट ठेवते. हे आकडे माझ्या कल्पनेतले आहेत. आता पोलिसांनी वीस संशयितांची चाचणी घेतली आणि त्यांत गुन्हेगार एकच आहे, असे मानू. तो एक बहुधा सापडेल. परंतु उरलेल्या एकोणीस निरपराधांपैकीही सुमारे एक जण सापडेल. म्हणजे चाचणीने दोषी ठरवलेला माणूस समोर उभा असता तो खरोखर दोषी असण्याची शक्यता जेमतेम निम्मी! चाचणी 'शंभरात ९५ वेळा अचूक' हे वाक्य खोटे नाही. ते समूहाविषयी खरे आहे. पिंजऱ्यात मात्र समूह उभा नसतो. तेथे एक माणूस उभा असतो, आणि त्याला शंभरात ९५ वर्षांची नव्हे, संपूर्ण शिक्षा होते.

येथे सुज्ञ वाचक आक्षेप घेईल. सर्वसामान्य ज्ञानाशिवाय निर्णय कोणता घेता येतो? डॉक्टर औषध देतो ते इतर रुग्णांच्या अनुभवावरून. शिक्षक, न्यायाधीश, आईवडील सगळेच अनेकांवरून एकाचा अंदाज बांधतात. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे मोल जाणणारा एक थोर मराठी माणूस होऊन गेला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जगाच्या भुकेचे मोजमाप केले. निरोगी माणसाची आहाराची गरज दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यावर टीकाही झाली. या हिशेबाने खरोखर उपाशी असलेलेही नजरेआड होतील, अशी टीकाकारांची भीती होती. या वादातून मी एवढेच शिकलो की सरासरीने माणसावर शिक्का मारणे ही जशी चूक, तशीच माणसे मोजायचेच सोडून देणे हीही चूक. गरिबांची भूक मोजली गेली नाही तर त्यांच्यासाठी धान्य कोण पाठवणार?

मग मार्ग कोणता? पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या एका विचाराची आम्ही परीक्षेपुरती घोकंपट्टी केली होती. शास्त्र सामान्याचे असते. कृती मात्र नेहमी विशिष्टाच्या संदर्भात घडते. म्हणून व्यवहारी शहाणपणाला, ज्याला ते प्रुडन्स म्हणत, दोन्हींची ओळख हवी. सामान्य तत्त्वाचीही आणि समोरच्या एकेका गोष्टीचीही. तेव्हा हे फार किरकोळ वाटले होते. आज वाटते, समूहाचे ज्ञान हा प्रश्नाचा आरंभ आहे. ते आपल्याला काय विचारावे, कशाकडे लक्ष द्यावे, कशाची काळजी घ्यावी हे सांगते. उत्तर मात्र त्या माणसाकडूनच यावे लागते. सुभेदारसाहेबांचा रिपोर्ट वाचून मी त्यांच्याकडे अधिक वेळा गेलो असतो, तर त्या ओळीचा योग्य उपयोग झाला असता. मी ती वाचून त्यांच्याकडे जाणे टाळले.

आमच्या देवळालीला तर याची आठवण सतत असायला हवी. इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. अर्थ, डोके फिरलेला. तो देवळाली या नावाचाच अपभ्रंश. ब्रिटिश अमदानीत मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत राहत. जहाजे ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे. उकाडा, हिवताप, दारू आणि कंटाळा यांनी काही जण सैरभैर होत. त्या अवस्थेला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. कोणाला खरोखर ताप असेल, कोणाला घरून पत्र आले नसेल, कोणाला घरच उरले नसेल. शब्दाने सर्वांना एकच नाव दिले. नाव मिळाले की पुढे चौकशी करण्याची गरज उरत नाही. छावणी बदलली, सैनिक गेले, तो शब्द मात्र अजून शब्दकोशात आहे.

सुभेदारसाहेबांची मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "फादर, मला सांगायचं तरी होतंत. हुकूम पाळायची सवय आहे मला." त्या वाक्याने मला अधिकच ओशाळे केले. पुढील रविवारपासून ते पुन्हा वाचू लागले. आता मी त्यांना आदल्या दिवशी विचारतो, "सुभेदारसाहेब, उद्या वाचाल ना?" कधी ते हो म्हणतात, कधी म्हणतात, "उद्या नको, डोकं जड आहे." निर्णय त्यांचा असतो. किल्ली कपाटातच राहिली आहे, आणि ते योग्यही आहे; पण तो निर्णय आता त्यांच्याशी बोलून झालेला आहे.

विसर थांबलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गेल्या महिन्यात वाचताना त्यांची ओळ चुकली. ते थांबले. चर्चमध्ये क्षणभर शांतता पसरली. त्यांच्या पत्नी पहिल्या बाकावरून उठल्या, शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पानावर बोट ठेवले. त्या बोटापासून त्यांनी पुढे वाचले, पूर्णविरामापाशी थांबत, अखेरपर्यंत.

पुढे एक दिवस कदाचित त्यांना वाचता येणार नाही. तो दिवस कोणता, हे त्या रिपोर्टात लिहिलेले नाही. त्यांच्याशेजारी उभे राहूनच ते आम्हांला कळेल.